इसबगोल पोटात गेल्यावर नेमकं करतं काय?

एका पेल्यात १०० मिली पाणी घ्या. त्यात एक मोठा सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, इसबगोलचा भुसा टाका, एकदा ढवळा आणि पेला तसाच ठेवून द्या. पहिल्या मिनिटात फारसं काही घडत नाही. फिकट गुलाबीसर पांढरे पापुद्रे नुसते पाण्यात फिरत असतात. मग त्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होऊ लागतात, पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पेल्यात मोकळं पाणी उरतच नाही. उरतो तो बुळबुळीत, थुलथुलीत गोळा. पेला तिरका केला तरी तो जागचा सहज हलत नाही. आता तेवढाच भुसा तिप्पट पाण्यात टाकून पाहा. या वेळी घट्ट गोळा होत नाही, ओतता येईल असा दाट लगदा होतो.

इसबगोलचे सगळे फायदे आणि सगळे धोके या दोन पेल्यांतल्या फरकात आहेत. ते रक्तात उतरत नाही, आतड्याला टोचून हलवत नाही, पचतही नाही. ते पाणी धरून ठेवतं आणि त्या पाण्याचं जेल करून शरीरातून बाहेर जातं. एवढं एक ध्यानात घेतलं की ते कधी घ्यायचं, किती घ्यायचं, कुणी टाळायचं हे पाठ करावं लागत नाही.

हा भुसा म्हणजे काय

प्लँटॅगो ओव्हाटा नावाच्या छोट्या रोपाचं बी होडीच्या आकाराचं, तपकिरी-गुलाबी असतं. बी इतकं हलकं की हजार बिया मिळून दोन ग्रॅमच्या आतबाहेर भरतात. फारसीत 'अस्प' म्हणजे घोडा आणि 'गोल' म्हणजे कान. बियांचा आकार घोड्याच्या कानासारखा दिसतो म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. बियांवरचं सर्वांत बाहेरचं पातळ साल दळून, पाखडून वेगळं काढतात. तोच भुसा. बियांच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा भुसा निघतो.

या सालातला मुख्य पदार्थ अरॅबिनोझायलन. झायलोज नावाच्या साखरेची लांब साखळी आणि तिला जागोजागी फुटलेल्या फांद्या, अशी त्याची रचना असते. या फांद्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं. माणसाच्या पाचकरसांत हे जाळं तोडणारं विकर (एन्झाइम) नाही. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनाही त्याचा फारच थोडा भाग खाता येतो. म्हणूनच तोंडातून गेलेलं जेल शेवटपर्यंत बऱ्याच अंशी जेलच राहतं. इतर बहुतेक विद्राव्य तंतूंचं, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या चोथ्याचं, असं होत नाही.

किती पाणी धरलं जातं याला मोजमाप आहे. युरोपियन फार्माकोपियात, म्हणजे तिथल्या औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, भुशाचा फुगण्याचा निर्देशांक किमान ४० असावा अशी अट आहे. सोप्या शब्दांत, एक ग्रॅम भुसा फुगून किमान ४० मिली जागा व्यापतो. आता हिशोब करा. ५ ग्रॅम भुशाला नीट फुगायला २०० मिली लागतात. तुम्ही त्याला अर्धा पेला पाणी दिलंत, तर उरलेलं पाणी तो जिथे मिळेल तिथून ओढणार आणि नाही मिळालं तर गोळा होऊन बसणार. ही जागा अन्ननलिकेतली असू शकते.

बद्धकोष्ठतेत आणि जुलाबातही तेच

कडक शौच मऊ करणारी वस्तू पातळ शौच घट्ट कशी करेल, असा प्रश्न अनेकांना पडतो. उत्तर जेलमध्येच आहे. मोठ्या आतड्याचं काम मळातलं पाणी शोषून घेण्याचं. मळ तिथे जास्त वेळ रेंगाळला की जास्त पाणी शोषलं जातं आणि त्याचे खडे होतात. जेलने धरलेलं पाणी आतड्याला सहजी काढून घेता येत नाही, म्हणून मळ ओला, मऊ आणि आकाराने मोठा राहतो. आतड्याच्या भिंतीला तो आकार जाणवतो आणि पुढे ढकलण्याची हालचाल नीट होते. उलट जुलाबात पाणी आधीच मोकळं वाहत असतं. ते जेलमध्ये बांधलं गेलं की शौचाला आकार येतो. शौचावर ताबा न राहण्याचा त्रास असलेल्यांमध्ये झालेल्या चाचणीतही इसबगोल घेणाऱ्यांचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते.

सगळा चोथा सारखाच, हा समज इथे मोडतो. गव्हाचा जाडा कोंडा पाणी धरत नाही. त्याचे खरखरीत कण आतड्याच्या अस्तराला घासतात, अस्तर पाणी आणि श्लेष्म सोडतं आणि त्याने पोट साफ होतं. तोच कोंडा अगदी बारीक दळला तर घासणं संपतं आणि कोरड्या भुकटीची भर पडून शौच आणखी कडक होऊ शकतं. इन्युलिनसारखे तंतू पाण्यात विरघळतात, पण मोठ्या आतड्यात पोहोचताच जिवाणू ते फस्त करतात. त्यातून वायू होतो आणि धरलेलं पाणी सुटतं. जिवाणूंना ते अन्न मिळतं हा त्यांचा वेगळा फायदा, पण कडक शौचासाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत जुनी बद्धकोष्ठता असलेल्या १७० लोकांना दोन आठवडे एकतर इसबगोल (५.१ ग्रॅम, दिवसातून दोनदा) किंवा डॉक्युसेट हे मळ मऊ करणारं नेहमीचं औषध दिलं गेलं. मळातलं पाणी वाढवण्यात इसबगोल पुढे राहिलं.

कोलेस्टेरॉल

आमच्या मते इसबगोलचा हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत पक्का फायदा आहे. पोट साफ होण्यासाठी घेणारे पुष्कळ. कोलेस्टेरॉलसाठी विचार करणारे फार थोडे.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं तयार करतं. ती जेवणानंतर लहान आतड्यात येतात, स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतात आणि मग लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के परत शोषली जाऊन यकृतात जातात. शरीर ही काटकसर दिवसातून अनेक वेळा करतं. दाट जेल या वाटेत आलं की काही पित्ताम्लं त्यात अडकतात आणि मळाबरोबर निघून जातात. तूट भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्लं बनवावी लागतात. त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल ते रक्तातून ओढून घेतं, म्हणजे यकृताच्या पेशींवर एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) वाढतात. रक्तातलं एलडीएल उतरतं ते या वाटेने.

उतार किती? रोज साधारण १० ग्रॅम भुसा घेतला तर एलडीएल ५ ते १० टक्के. २०१८ साली २८ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सरासरी घट ०.३३ मिलीमोल प्रति लिटर, म्हणजे अंदाजे १३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आली. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने १९९८ मध्येच इसबगोलच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्यासंबंधी दावा छापायला परवानगी दिली. अट अशी की दिवसाला किमान ७ ग्रॅम विद्राव्य तंतू मिळाले पाहिजेत. तेवढे मिळायला सुमारे १०.२ ग्रॅम भुसा लागतो. रात्री एक छोटा चमचा घेऊन 'मी इसबगोल घेतो' म्हणणाऱ्याला जेमतेम २ ग्रॅम मिळतात. त्याच्या एलडीएलमध्ये फरक पडला नाही तर दोष वनस्पतीचा नाही.

स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर याची जोडी चांगली जमते. २००५ साली आलेल्या एका चाचणीत ६८ जणांना आठ आठवडे औषधं दिली. १० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन आणि रोज १५ ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांचं एलडीएल जितकं उतरलं, तितकंच नुसतं २० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांचं उतरलं. दुप्पट गोळीने स्नायू दुखतात म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांशी जरूर बोलावी. पण स्टॅटिन बंद करून त्याजागी इसबगोल, असं कुणी करू नये. ५-१० टक्क्यांची घट स्टॅटिनच्या ३०-५० टक्क्यांची जागा भरून काढत नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसासाठी ही अदलाबदल धोक्याची आहे.

एक बारीक गोष्ट. पित्ताम्लं आतड्यात येतात ती जेवणाच्या वेळी. रिकाम्या पोटी निजताना घेतलेल्या जेलला अडकवायला फारसं काही मिळत नाही. कोलेस्टेरॉलसाठी घ्यायचं तर जेवणाबरोबर घ्या.

रक्तातली साखर

तेच जेल लहान आतड्यात अन्नाचा लगदा दाट करतं. दाट लगद्यातून साखर आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोहोचते, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही. परिणामाचा आकार माणसागणिक बदलतो, आणि त्यात एक सुसंगती आहे: साखर जितकी बिघडलेली, तितका परिणाम मोठा. २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात टाइप २ मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर सरासरी ३७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचं माप) सुमारे ०.९७ टक्क्याने खाली आला. निरोगी माणसात मात्र जवळपास काहीच बदल दिसला नाही, आणि तसंच व्हायला हवं. रक्तात न उतरणारी वस्तू नेहमीची साखर आणखी खाली खेचणार नाही.

इन्सुलिन किंवा सल्फोनिल्युरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र इसबगोल सुरू केल्यावर दोन-तीन आठवडे साखर जास्त वेळा तपासावी. औषधाचा डोस तोच राहिला आणि साखर हळू शोषली जाऊ लागली तर घाम, थरथर, गरगरणं अशी लक्षणं येऊ शकतात.

बाकीचे दावे, थोडक्यात

इरिटेबल बॉवेलमध्ये, म्हणजे पोटदुखीसोबत कधी बद्धकोष्ठता कधी जुलाब अशा त्रासात, पुरावा चांगला आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली २७५ रुग्णांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या चाचणीत रोज १० ग्रॅम इसबगोलने आराम पडला. कोंडा दिलेल्या गटात अनेकांनी त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून दिलं. मूळव्याधीत तंतू नियमित घेतल्याने रक्त पडणं जवळपास निम्म्यावर येतं, मात्र त्याला सहा आठवडे द्यावे लागतात. फिशरमध्येही, म्हणजे गुदद्वाराला चीर पडते तेव्हा, शौच मऊ ठेवणं हाच उपचाराचा पाया आहे.

वजन? जेवणाआधी घेतलं तर पोट भरल्यासारखं वाटतं, काहींचे एखाद-दोन किलो उतरतात, काहींचे काहीच नाहीत. त्यासाठी म्हणून घेऊ नये. रक्तदाबावरचा परिणाम दोनेक अंकांचा, म्हणजे नगण्य.

आतड्याच्या कर्करोगापासून संरक्षण मिळतं हा दावा वेष्टनांवर नसला तरी तोंडोतोंडी खूप फिरतो. आतड्यातल्या गाठी काढलेल्या युरोपातल्या रुग्णांना रोज ३.५ ग्रॅम इसबगोल देऊन तपासलं गेलं. २००० साली निकाल आला: गाठी पुन्हा येणं कमी तर झालं नाहीच, उलट जास्त दिसलं. यावरून घाबरून सोडण्याची गरज नाही, पण या कारणासाठी घेऊही नये. आणि 'आतड्याच्या भिंतींना वर्षानुवर्षं चिकटलेली घाण खरवडून काढतं' हे तर साफ चूक आहे. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं. तिथे जुना थर साचत नाही. शौचात दिसणारा लांब, बुळबुळीत, दोरीसारखा पदार्थ म्हणजे तेच इसबगोलचं जेल असतं.

घ्यायचं कसं

पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदाच, ३ ते ४ ग्रॅम. दुसऱ्या आठवड्यात तेवढंच दोनदा. तिसऱ्या आठवड्यात तीनदा, म्हणजे दिवसाचे साधारण १० ग्रॅम. पोट साफ होण्यासाठी अनेकांना दुसऱ्या आठवड्यातलं प्रमाण पुरतं; कोलेस्टेरॉल किंवा साखरेसाठी १० ग्रॅमपर्यंत जावंच लागतं.

चमच्यावर विसंबू नका. सुटा भुसा हलका असतो, मोठ्या सपाट चमच्यात सुमारे ५ ग्रॅम आणि छोट्यात २ ग्रॅम बसतो. भुकटी दाट असते. छोट्या चमच्यातच ३ ते ५ ग्रॅम येते. वजनकाटा असेल तर दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहाने भागा, तुमच्या डब्याचा आणि तुमच्या चमच्याचा खरा आकडा मिळेल. दर नव्या डब्याला पुन्हा तोला.

३ ते ५ ग्रॅमच्या दर खेपेला किमान २४० मिली पाणी लागतं. आधी पेल्यात पाणी घ्या, मग भुसा वरून भुरभुरवत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. उलट क्रमाने, म्हणजे कोरड्या भुशावर पाणी ओतलं, की बाहेरचा थर लगेच जेल होतो आणि आत कोरडी गुठळी अडकते. ही गुठळी नंतर पोटात फुगते. गार पाण्यात जेल थोडं सावकाश होतं, म्हणून पिणं सोपं जातं. ढवळल्यावर अर्ध्या मिनिटात प्या. तळाला उरलेला भुसा थोडं पाणी घालून, विसळून घ्या. वर आणखी एक पेला साधं पाणी प्या. दाट द्रवात कालवून घेण्यात अर्थ नाही, त्यात मोकळं पाणीच कमी असतं.

बसून किंवा उभं राहून घ्या आणि त्यानंतर लगेच आडवे होऊ नका. युरोपातल्या अधिकृत औषध-मार्गदर्शनात झोपण्याच्या अगदी आधी घेऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. रात्रीच घ्यायचं असेल तर जेवणाबरोबर घ्या, म्हणजे अंथरुणावर पडेपर्यंत ते अन्ननलिकेच्या पार गेलेलं असतं.

परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. सोनामुखीसारखं हे सकाळी धावायला लावणारं औषध नाही. पहिल्या रात्रीनंतर काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणं, ही नेहमी दिसणारी चूक.

काय बिघडतं आणि का

पोट फुगणं ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी १० ग्रॅम घेतलेले असतात. इसबगोल स्वतः फारसं आंबत नाही, मग फुगतं कशाने? पुढे कडक मळाचा बूच बसलेला असतो आणि मागून जेलची भर पडत जाते. अशा वेळी आधी बूच मोकळा करायला हवा. चार-पाच दिवस शौचाला झालंच नसेल, खडे होत असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखं पाणी ओढणारं औषध एक-दोन दिवस घेऊन पोट मोकळं करावं आणि मग ३ ग्रॅमपासून सुरुवात करावी.

घशात किंवा अन्ननलिकेत अडकणं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा गंभीर असतं. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणाऱ्यांचं हे होतं. दाणेदार स्वरूपातलं इसबगोल या कारणानेच अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सारक औषधांतून काढलं. दाणे गिळताना घशातच फुगत होते. इसबगोल घेतल्यावर छातीत दुखू लागलं, उलटी झाली, थुंकीसुद्धा गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर वरून पाणी पीत बसू नका. लगेच रुग्णालय गाठा.

कमी पाण्यामुळे आतड्यातही अडथळा होऊ शकतो. लोपेरामाइड किंवा ट्रामाडॉल, मॉर्फिनसारख्या आतड्याची हालचाल मंदावणाऱ्या औषधांबरोबर हा धोका वाढतो. अंथरुणाला खिळलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या वृद्धांना घरच्या घरी इसबगोल सुरू करू नये, ते याच कारणाने.

ॲलर्जीचा विषय फारसा कुणी काढत नाही. भुशाची धूळ पुन्हापुन्हा नाकात गेली की काहींचं शरीर तिच्यातल्या बियांच्या प्रथिनांविरुद्ध तयार होतं. औषधनिर्मितीतले कामगार आणि रुग्णांना इसबगोल कालवून देणाऱ्या परिचारिका यांच्यात हे दिसून आलं आहे: आधी शिंका, डोळ्यांना खाज, मग दमा. अशा माणसाने पुढे कधी स्वतः ते पोटात घेतलं तर अंगावर गांधी उठण्यापासून जीवघेण्या तीव्र प्रतिक्रियेपर्यंत काहीही होऊ शकतं. घरी रोज दुसऱ्यासाठी कालवत असाल तर डबा तोंडापासून दूर धरा, चमचा सावकाश सोडा. डबा उघडला की शिंका येतात असं वाटलं तर ते काम दुसऱ्याकडे द्या आणि स्वतः घेऊ नका.

इतर औषधांशी अंतर

जेल पित्ताम्लं धरतं तसं गोळ्याही धरू शकतं. त्यामुळे सर्वसाधारण नियम असा: इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर. लिथियम, कार्बामॅझेपिन, डिगॉक्सिन यांच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळा, कारण त्यांची रक्तातली पातळी थोडी घसरली तरी परिणाम दिसतो. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिनसाठी चार तास सोडा. ती गोळी सकाळी उठल्याउठल्या घेत असाल तर इसबगोल दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर ठेवा, प्रश्न मिटतो. दोन्ही चालू असताना टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर सरकला तर गोळीचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना इसबगोलची वेळ सांगा. वनस्पती आहे, औषध थोडंच, असं समजून अनेक जण हे सांगतच नाहीत.

गिळायला त्रास होणाऱ्यांनी, अन्ननलिका किंवा आतडं अरुंद असलेल्यांनी, आतड्यात मळ घट्ट अडकलेला असताना आणि शौचातून रक्त जाण्याचं कारण सापडलेलं नसताना इसबगोल घेऊ नये. शौचाची सवय अचानक बदलली आणि दोन आठवडे तशीच राहिली तर आधी तपासणी, मग इसबगोल. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. दिवसाची दोन-तीन पेले पाण्याची जादा भर त्यांना झेपेलच असं नाही.

विकत घेताना

वेष्टनाची पुढची बाजू सोडा, घटकांची यादी वाचा. नुसता भुसा हवा. 'नैसर्गिक', 'पोटासाठी' अशी नावं असलेल्या काही मिश्रणांत सोनामुखी असते. ती आतड्याच्या नसांना चेतवून काम करते, पोटात मुरडा आणते आणि महिनोन्महिने रोज घेण्यासाठी नसते. चव घातलेल्या प्रकारांत साखर कधी कधी भुशाइतकीच असते. मधुमेहींनी ते टाळावेत. कॅप्सूल सोयीच्या वाटतात, पण एकीत साधारण अर्धा ग्रॅमच भुसा मावतो. १० ग्रॅमसाठी दिवसाला वीस कॅप्सूल गिळाव्या लागतील.

शुद्धता घरीही थोडीफार जोखता येते. चिमूटभर भुसा काचेच्या पेल्यात भरपूर पाण्यात टाकून अर्धा तास ठेवा. चांगला भुसा पूर्ण फुगून एकसारखा ढगाळ थर धरतो. तळाला वाळूसारखे कण बसले, किंवा काळपट न फुगणारे तुकडे दिसले, तर त्यात माती आणि बियांचा चुरा आहे. चमचा कोरडाच वापरा. डब्यात ओल गेली की तिथेच जेल धरून गुठळ्या होतात आणि त्याचं फुगणं कमी होतं.

चार आठवड्यांनंतर

पूर्ण प्रमाणात, पुरेशा पाण्याबरोबर किमान चार आठवडे घेतल्याशिवाय निकाल लावू नका. कोलेस्टेरॉलची तपासणी आठ आठवड्यांनी करा. सवय लागेल ही भीती नको. आतड्याला चेतवणारं काही यात नसल्याने तसं घडत नाही. बंद केलं तर आतडं आधी होतं तिथे परत येतं, इतकंच.

आणि एवढं करूनही पोट साफ होत नसेल तर प्रमाण वाढवत बसू नका. १९९७ साली जर्मनीतून आलेल्या एका अभ्यासात जुनी बद्धकोष्ठता असलेल्या १४९ जणांना दिवसाला १५ ते ३० ग्रॅम इसबगोल किमान सहा आठवडे दिलं होतं. ज्यांच्या आतड्यात कसलाच दोष सापडला नाही, त्यांतल्या ८५ टक्क्यांना गुण आला. ज्यांच्या आतड्याची गतीच मंद होती, त्यांतल्या ८० टक्क्यांना आला नाही. शौचाच्या वेळी सैल सोडायचे स्नायू उलट आवळून धरण्याचा दोष असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनाही नाही. ही मंडळी अनेकदा वर्षानुवर्षं चोथा वाढवत राहतात आणि पोट आणखी फुगवून घेतात. त्यांना हवी असते ती आतड्याची गती मोजणारी आणि गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी. स्नायूंचा दोष निघाला तर बायोफीडबॅक नावाचा व्यायामोपचार असतो. त्यात पडद्यावर आपल्याच स्नायूंचा दाब पाहत ते सैल सोडायला शिकवतात.